कॅमेऱ्यावर रडायचं नाही

सोमवार, ३ सप्टेंबर २००७

संगणक आला. ठेवायला जागा नव्हती म्हणून माझं शिलाईचं मशीन पडवीत काढलं आणि त्याच्या टेबलावर तो बसवला. पुण्याच्या संस्थेचा माणूस सकाळभर खपला. जाताना म्हणाला, "आजी, ह्याला ओला हात लावू नका." माझं वय छप्पन्न. कोणाची आजी ते त्यानेच सांगावं.

हरी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. माझा एकुलता एक मुलगा, हरिश्चंद्र. दोन वर्षांपूर्वी फौजेतून हवालदार म्हणून सुटून आला. पहिलं वर्षभर लोक म्हणाले, दमलाय, झोपू दे. दुसऱ्या वर्षी म्हणाले, बाहेरचं काही असेल, देवरशाकडे ने. माझा दीर श्याम तर नारळ घेऊनच आला होता. त्या नारळाची मी सोलकढी केली.

वाचनालयात पेपरात वाचलं की ही संस्था सुटून आलेल्या जवानांवर घरीच उपचार करते. डॉक्टर पुण्याला, माणूस आपल्या घरी, मध्ये कॅमेरा. बारा आठवडे, दर गुरुवारी. पत्र मी टाकलं, हरीला नंतर सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे." तो सगळ्यालाच ठीक आहे म्हणतो.

त्यांच्या कागदावर 'नैराश्य' असं लिहिलंय. पुस्तकांतून हा शब्द कितीदा वाचला. आमच्या घराच्या पत्त्यावर पहिल्यांदाच आला.

ह्यांनी जन्मभर खांबांवर चढून लोकांच्या घरी टेलिफोनच्या तारा नेल्या. त्याच तारेतून आपल्या घरी डॉक्टर येणार, हे बघायला ते नाहीत. आमटीत मीठ कमी पडलं की मी अजून क्षणभर थांबते, कोणी बोलतंय का म्हणून.

बुधवार, ५ सप्टेंबर

शेजारची सईदा कॅमेरा बघायला आली. तिचा मुलगा मुसा कुवेतला असतो, कॅमेऱ्यावरूनच तिच्याशी बोलतो, म्हणून आमच्या मांडवीत ह्या विद्येत तिचा हात धरणारं कोणी नाही. आल्या आल्या मला फैलावर घेतलं.

"दिवा पाठीमागं कशाला ठेवलास गो? त्वांड काळं दिसंल. समोर ठेव. आणि भिंतीचे पोपडे काय डॉक्टरला दाखवतेस? पडदा लाव. पोराला इस्त्रीचा शर्ट दे."

मग खाली बसून म्हणाली, "आणि एक आयक गोदाबाय. कॅमेऱ्यावर रडायचं नाय. वाईट बोलायचं नाय. तिकडं माणूस एकटा, इथलं आयकून तो काय करणार? माझा पाय मोडला तेव्हा मी खाटेवर बसून मुसाशी बोलायची, वर नवी ओढणी. तो सुट्टीवर आला तेव्हा त्याला कळलं."

पाहुण्यांसाठी ठेवलेला निळा पडदा काढून लावला. खोली अगदी फोटोच्या दुकानासारखी दिसते.

गुरुवार, ६ सप्टेंबर

हरीने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खुर्चीत असा ताठ बसला की मलाच छाती काढावीशी वाटली. मी बाहेर थांबायचं असा नियम आहे. पडवीतून त्याचं तेवढं ऐकू येत होतं. "जी मॅडम. ठीक आहे मॅडम. झोप लागते मॅडम." मग उठला, शर्ट खुंटीला लावला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला.

शेवटी डॉक्टरबाईंनी मला बोलावलं. नाव सुनेत्रा. चेहऱ्यावरून कालपरवा कॉलेजातून सुटल्यासारखी. म्हणाली, "काकू, ह्या उपचारात मनाची वाट बघायची नाही. ठरलेलं छोटं काम रोज करायचं, मन नसलं तरी. मन मागून येतं." मला पटलं. हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चूल पेटवली होती ती काय मन होतं म्हणून?

हरीचं पहिलं काम असं ठरलंय: रोज सकाळी चालत मिरकरवाड्याला जायचं, बंदरावर लिलाव बघायचा, मासे घेऊन यायचे.

रविवार, १६ सप्टेंबर

काल गणपती बसले. आरतीला हरी बाहेर आला नाही. टाळ वाजायला लागले आणि त्याने दार लावून घेतलं. श्याम सगळ्यांसमोर म्हणाला, "वयनी, टीव्हीवरच्या डॉक्टरला विचार, देवाला हात जोडायचं पण औषध हाय काय?" लोक हसले. मी म्हटलं, "विचारते. दिराचं तोंड बंद करायचं औषध आहे काय, ते पण विचारते." मग मात्र कोणी हसलं नाही.

हरी गणपतीला घरी आला असा शेवटचा २००३ साली. हे अंथरुणाला खिळले होते, मूर्ती कोण आणणार म्हणून मी पलटणीत फोन करून रडले होते. चार दिवसांत हरी दारात उभा. मूर्ती त्याने आणली, ह्यांनी खाटेवरून हात जोडले. दिवाळीआधी हे गेले. किती आनंदाचा गणपती होता तो. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत त्याला गणपतीची रजा कधीच मिळाली नाही.

शुक्रवार, २८ सप्टेंबर

हरी रोज सकाळी पिशवी घेऊन जातो आणि मासे आणतो. डॉक्टरबाई खूश. पण बांगडे बघून माझं डोकं फिरतं. डोळे आत गेलेले, कल्ले काळे, बोट दाबलं की खड्डा पडतो. बंदरावर होड्या भरून येतायत आणि माझ्या पोराला कोणीतरी कालचा माल गळ्यात घालतं! म्हटलं, "मी येते उद्या, बघते कोण तो." तर घाईने म्हणाला, "नको आई, मी बघतो." जरा तरी कशात रस घेतोय.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

श्यामने नोकरी आणली. मुंबईत सराफाच्या दुकानावर पहारेकरी. माजी सैनिकाला बंदुकीचा परवाना चटकन मिळतो म्हणे. सत्तावीस तारखेला, शनिवारी, हमरस्त्यावर हातखंब्याला त्यांची गाडी येईल, ह्याच्यासारखे आणखी जवान तिथून घेऊन जाईल. श्याम म्हणाला, "हातात काम आलं की डोकं जाग्यावर येतं. तुझ्या त्या पडद्यापेक्षा बरं."

हरी म्हणाला, "ठीक आहे."

मला ही नोकरी आवडलेली नाही. मुंबई लांब पडते. डॉक्टरबाईला सांगितलंस का विचारलं, तर म्हणाला, "तिकडे गेल्यावर सांगेन."

शनिवार, २० ऑक्टोबर

आज लिहिताना हात आवरत नाही. हरी बरा झाला!

चार दिवस झाले, माझ्या आधी उठतो. दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. पावसात सरकलेली कौलं बसवली. फौजेतली ट्रंक उपसून झाडून पुसून ठेवली, गरम कपडे श्यामच्या गड्याला दिले. मला गॅसची टाकी बदलायला शिकवलं, दोनदा माझ्याकडून करून घेतली. बँकेत नेऊन त्याच्या खात्यावर माझं नाव घातलं. आपला रेडिओ सईदाला दिला, म्हणाला, "चाची, कुवेतच्या बातम्या लागतात ह्याच्यावर." दोन वर्षांत तो कोणाशी एवढं लांब वाक्य बोलला नव्हता. आज दोन घावणे जास्त खाल्ले आणि माझ्याकडे बघून हसला. चेहरा कसा शांत, धुतल्यासारखा.

बारा आठवडे कशाला, सात आठवड्यांत काम झालं. देवरशावाल्यांना आता मी विचारणार आहे.

सईदाच तेवढी खूश दिसली नाही. "रेडिओ का दिलान गो?" म्हणाली. म्हटलं, मुंबईला तो कुठे वागवणार? कधीकधी सईदाला दुसऱ्याचं बरं बघवत नाही.

गुरुवार, २५ ऑक्टोबर

सगळं नीट लिहायचं आहे. आज चुकवलं तर उद्या मी ते गोड करून लिहीन.

हरी मासे आणायला गेला होता. मी संगणक लावून मुद्दाम आधी बसले, डॉक्टरबाईला आनंदाची बातमी माझ्या तोंडून सांगायची म्हणून. बिजागऱ्या, ट्रंक, गॅस, बँक, रेडिओ, सगळं सांगितलं. ती हसेल म्हणून बघत होते. ती खुर्चीत पुढे सरकली.

"काकू, हे कधीपासून?"

"आठ-नऊ दिवस. आणि परवा शनिवारी नोकरीवर निघाला, बंदुकीची नोकरी."

तिचा चेहरा बदलला. आवाज मात्र अगदी सावकाश. "काकू, माणूस आवराआवर करतो तेव्हाही शांत दिसतो. मला भीती वाटते की तो जीव द्यायचं ठरवून बसलाय. तो आला की त्याला सरळ विचारा. ह्याच शब्दांत. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट होते. मी इथेच आहे, कॅमेरा बंद करू नका. आणि ती नोकरी नको. काही झालं तरी."

मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, अभद्र बोलू नका, तुमचं वय काय, तुम्हाला मूलबाळ आहे का. मग मला ती गॅसची टाकी दिसली, 'आता तू एकटीने करून दाखव' म्हणणारा हरी दिसला. मी जमिनीवरच बसले.

हरी मागच्या दाराने आला. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

"हरी, जीव द्यायचा विचार येतो का तुझ्या मनात?"

तो हातातल्या पिशवीकडे बघत राहिला. पिशवीतून पाणी गळत होतं, त्याच्या पायावर पडत होतं.

"येतो," म्हणाला.

मग एकदम, "आई, मी मिरकरवाड्याला एकदापण गेलो नाय. नाक्यावर म्हातारी पाटी घेऊन बसते, तिच्याकडनं घेतो."

"बांगड्यांचं मागाहून बघू," मी म्हटलं. "चल."

हाताला धरून त्याला टेबलापाशी आणला. तो शर्ट शोधायला लागला. मी म्हटलं, शर्ट मरू दे. निळा पडदा ओढला तो दोरीसकट खाली आला. दिसू देत पोपडे. बनियनवर, ओल्या पायांनी हरी पुढ्यात बसला. डॉक्टरबाई म्हणाली, "हरिश्चंद्र, तुमची आई बाहेर थांबेल." तो म्हणाला, "नको. तिला आयकायला पायजे."

बाबल्याची गोष्ट निघाली. राजापूरकडचा पोरगा, हरीच्या तुकडीतला, नेहमी बरोबरीने असायचा. २००३ साली गणपतीची रजा बाबल्याला मिळाली होती, हरीला नव्हती. मग माझा फोन गेला. बाबल्याने साहेबाकडे जाऊन आपली रजा हरीला द्यायला लावली. म्हणाला, तुझा बाप आजारी हाय, तू जा, माझा गणपती पुढच्या वर्षीपण येणार. हरीच्या जागी तो गाडीवर गेला. रस्त्यात अतिरेक्यांनी ती गाडी उडवली. आमचा दीड दिवसाचा गणपती पाण्यात सोडून हरी नाक्यावर आला, पलटणीत फोन लावला, तेव्हा त्याला कळलं. घरात येऊन त्याने मला सांगितलं नाही. चार वर्षं सांगितलं नाही. कारण मग हे कोणाच्या फोनमुळे झालं, ते मला कळलं असतं.

इतकं बोलून तो थांबला. मला कोणी विचारलं नव्हतं, पण मी बोलले.

"फोन मी केला. तुझ्या बापाने तुला शेवटचं बघितलं ते त्या फोनमुळे. उद्या तशी वेळ आली तर मी पुन्हा करीन. सणाला पोराला घरी बोलावणं हा गुन्हा नाही आणि आईच्या हाकेला येणं हा पण नाही. बाबल्याने रजा दिली ती तू जगावंस म्हणूनच दिली असं मी म्हणणार नाही, त्याला काय ठाऊक होतं. त्याने माया केली. त्याला मारलं ते गाडी उडवणाऱ्यांनी. त्यांचं ओझं तू कशाला वाहतोस? मी तर मुळीच वाहणार नाही."

डॉक्टरबाई म्हणाली, "काकू, आता बाहेर थांबा." ह्या वेळी मी ऐकलं. दोघं पुष्कळ वेळ बोलत होते. तिनेच गावातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना फोन केला, दुपारी आम्ही रिक्षाने जाऊन औषध आणलं. हरीला एकट्याला सोडायचं नाही, असं ठरलंय. सईदा तिची चटई घेऊन आमच्या पडवीत राहायला आली आहे.

मी बोलले ते खरं बोलले. पण त्या वर्षी बाबल्याच्या आईच्या घरी गणपती पाण्यात कोणी सोडला असेल, हे काही डोक्यातून जात नाही.

शनिवार, २७ ऑक्टोबर

श्याम रिक्षा घेऊन आला. "चल रे, हातखंब्याला गाडी उभी राहील."

मी उंबऱ्यात उभी राहिले. "तो जाणार नाही."

"वयनी, पोराला पदराखाली किती दिवस ठेवणार? फौजेतला गडी हाय तो!"

"म्हणूनच. फौजेतून आलाय. मी त्याला दुसऱ्यांदा पाठवणार नाही."

"त्या बाईनं डोकं फिरवलान तुझं. मी त्या लोकांना शब्द दिलाय!"

"तुम्ही दिलात, तुम्ही जा. गोरेगोमटे आहात, दाराशी शोभाल."

सईदा पडवीतून खुदकन हसली. श्याम तिच्यावर उखडणार, एवढ्यात हरी मागून आला. दाढी वाढलेली, कालचेच कपडे. म्हणाला, "काका, मी येत नाय. मी आजारी हाय. मनाचा आजार हाय, औषध चालू हाय. माझ्या हातात बंदूक देऊ नका."

"हळू बोल रे," श्याम म्हणाला, "रस्त्यावर माणसं हायत."

"असू देत."

रिक्षावाला तोंड फिरवून आरसा पुसायला लागला. श्यामचा चेहरा पडला. म्हणाला, "मग त्या लोकांना मी काय सांगू?"

"आत्ता आयकलात ते सांगा," हरी म्हणाला.

श्याम लगेच गेला नाही. पायरीवर बसला, पाणी मागितलं. जाताना हरीच्या खांद्याला हात लावल्यासारखं केलं आणि लावला नाही.

बुधवार, ७ नोव्हेंबर

वाडीत सगळ्यांना कळलं. नळावर मी गेले की आवाज खाली येतात. परवा मीच मोठ्याने म्हटलं, "हरीला नैराश्य आहे, कोणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा, मी पुष्कळ वाचलंय." कोणी विचारलं नाही. पण वरच्या आळीतली एक बाई घागर घेऊन माझ्यामागून घरापर्यंत आली आणि म्हणाली, "गोदाताई, आमच्या ह्यांना पण बघतील काय गो त्या?" तिचा नवरा नौदलात होता.

सोमवारी हरी खरंच मिरकरवाड्याला गेला, मी सोबत. लिलावाचा गलका, बर्फ फोडायचा आवाज. त्याला दरदरून घाम सुटला, जाळ्यांच्या ढिगाआड जाऊन तो ओकला. परत जाऊ म्हटलं तर मान हलवली. स्वतः टोपलीत हात घालून बांगडे निवडले. काल उठलाच नाही, जेवला नाही, मला ओरडला. आज अंघोळ केली. औषधाने तोंड कोरडं पडतं म्हणतो. डॉक्टरबाई म्हणते, सोमवारी जे जमलं ते कालच्यामुळे पुसलं जात नाही. मला कालची भीती वाटते. तिला तसं सांगितलं.

ती हल्ली त्याचं झालं की मलाही बसवते. जेवता का, झोपता का, ह्यांची आठवण कधी येते. म्हटलं, मला काय झालंय, आजारी तो आहे. तरी बोलता बोलता भात करपला. एवढ्या शिकलेल्या मुलीला माझ्या आमटीच्या मिठाची गोष्ट कशाला ऐकायची होती, कोण जाणे. रडू आलं, तेही कॅमेऱ्यावर. सईदाला सांगितलं. ती ओरडेल वाटलं होतं, तर म्हणाली, "मी आज मुसाला सांगणार, माझा पाय अजून दुखतो."

सोमवार, २६ नोव्हेंबर

बारा आठवडे गुरुवारी संपले. संस्थेचा तोच माणूस संगणक न्यायला आला. "आजी, हा आता चिपळूणच्या एका जवानाकडे द्यायचा आहे."

मी त्याला पडवीत बसवलं, चहा दिला. म्हटलं, "चिपळूणच्याला दुसरा द्या. हा मिळणार नाही."

"आजी, माझ्या हातात नाही हो. नियम आहे, बारा आठवडे."

"बारापैकी सात आम्ही पडदा लावून खोटं बोलण्यात घालवले. ते मोजू नका. आमचे आत्ता कुठे पाच झालेत."

तो हसला, त्याला वाटलं मी गंमत करते. मी आत जाऊन टेबलासमोर खुर्ची टाकून बसले. तो दारात आला, डोकं खाजवत म्हणाला, "साहेबांना काय सांगू? बाई खुर्चीवरून उठत नाही म्हणून?"

"असंच सांगा. माझं नाव गोदावरी. आजी सांगू नका."

हरी मागच्या आवारात नारळ सोलत होता. आवाज ऐकून हातातला कोयता तिथेच ठेवून आत आला. मला वाटलं आता म्हणेल, ठीक आहे, घेऊन जा. लहानपणापासून ह्या मुलाने दुसऱ्यांदा भातसुद्धा कधी मागितला नाही. वाढला तर खायचा, नाही वाढला तर उठायचा.

तो माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. त्या माणसाकडे बघितलं, मग संगणकाकडे.

"मला अजून पायजे," म्हणाला.

माणूस चहा संपवून रिकाम्या हाताने गेला. जाताना म्हणाला, वरून कोणीतरी मोठा साहेब येईल आता.

येऊ दे.